कानामागची जागा

"काय दिसलं?"

अंगणवाडीच्या बाई माझ्या सलूनच्या पायरीवर उभ्या राहून एवढंच विचारायच्या. आवाज खाली, मान पुढे आणि पदराचं टोक नाकाशी, कारण माझ्याकडच्या पावडरीच्या वासाने त्यांना सटासट शिंका यायच्या. नवख्या माणसाला वाटावं, ही बाई न्हाव्याकडे भविष्य बघायला येते. तसं म्हटलं तर ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त आम्ही हात बघत नव्हतो, डोकी बघत होतो.

आता माझी ओळख. ती करून द्यायला मला फार आवडतं, तेव्हा जरा सोसा. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे कोंबड्याच्या आधी यंत्रमाग आरवतात, तिथे माझं दोन खुर्च्यांचं सलून आहे. एका खुर्चीवर गिऱ्हाईक बसतं आणि दुसरीवर पेपर वाचायला आलेली मंडळी. गणपतीत आमच्या मंडळाच्या नाटकात गेली वीस वर्षं खलनायक मीच असतो. मिशी घरची आहे, चिकटवावी लागत नाही, हे या निवडीमागचं एकमेव कारण. दुकानाला काचेचं दार आहे आणि दाराला अशी कडक स्प्रिंग आहे की आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीत ते एक रट्टा घालतं. जुनी गिऱ्हाइकं उडी मारून आत येतात. बाई कधीच उडी मारत नसत. त्या एका पायाने दार अडवून पायरीवरच उभ्या राहायच्या.

भिंतीपलीकडे त्यांची अंगणवाडी. तिकडून 'चांदोबा चांदोबा', इकडून माझं खलनायकी हसणं. एकदा मी संवाद पाठ करत असताना पलीकडची सगळी पोरं रडायला लागली. बाई तरातरा आल्या. "मामा, तुमचं नाटक दुपारी पोरं झोपल्यावर करत जावा. आन् नाटकातल्या त्या बाईला एवढं वरडून धमकी कशाला देताय? हळू बोललं तरी भ्या वाटतं की."

त्या वर्षी मी धमकी हळू दिली. पहिल्यांदाच माझ्या प्रवेशाला मंडपात सन्नाटा पसरला.

मला कटिंगमामा हे नाव पोरांनी दिलं होतं, त्यातला मामा बाईंनी उचलला. एके सकाळी काखेत कोहळा धरावा तसं एक पोर धरून त्या आल्या. लहान मुलांसाठी मी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतो. तिच्यावर त्याला बसवून म्हणाल्या, "कटिंग करा, आन् जरा बघा."

"काय बघू?"

"डोकं. तुमी रोज बघताच की. मला फक्त सांगा."

मंडळी, तुम्ही माणसाचा चेहरा बघता. चेहरा काय, तो नाटकातसुद्धा रंगवता येतो. मी माणसाची मागची बाजू बघतो. आमच्या सोलापूरच्या चादरीखाली अर्धा देश झोपला असेल, पण केसांच्या चादरीखाली जे झाकलं जातं त्याची सर कुणाला नाही. पोरगं धावताना पडलं, तर खूण कपाळाला, भुवईला, हनुवटीला. टाळूवर आणि कानामागे सहसा कुणी पडत नाही. हे मला तीस वर्षं माहीत होतं. पण माहीत असलेलं सांगायचं असतं, हे मला कुणी विचारेपर्यंत सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमचा हा गुपचूप उद्योग सुरू झाला. गल्लीत मूल कुणाला मारायला, चावायला, ढकलायला लागलं की बाई त्याला माझ्या फळीवर आणून बसवायच्या. गल्लीभरची डोकी मी त्यांच्यासाठी बघितली. एक डोकं तेवढं त्यांनी मला कधी दाखवलं नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलाचं.

त्याच्याकडे येतो. आधी बाईंचं काम सांगतो, कारण ते सांगताना मला अजून हसू येतं आणि पुढे ते येणार नाही.

मी सांगितलं, अमुक पोराच्या कानामागे चिमट्याची खूण आहे, तर तुम्हाला वाटेल, बाई त्या घरी जाऊन आईला चार शब्द सुनावत असतील. मलाही तसंच वाटलं. तमाशा बघायला म्हणून मी एकदा मागोमाग गेलो. घर विड्या वळणारं. आई मांडीवर सूप घेऊन बसलेली, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, दिवसभरात विड्या पुऱ्या करायच्या म्हणून बोटं मशीनसारखी चाललेली. पोरगं दाराशी चिरक्या आवाजात रडत होतं. बाई आत गेल्या, बसल्या, आणि तिच्या मांडीवरचं सूप उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"अहो, हे काय करताय बाई?"

"तुझ्या विड्या मी वळते. तू पोराला घे."

"आन् घेऊन काय करू?"

"काय न्हाय. घेऊन बस."

तासभर बाई विड्या वळत होत्या आणि ती माउली, हातात काम नसल्यामुळे अवघडून, पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पहिली दहा मिनिटं पोरगं हातपाय झाडत होतं. मग तिच्या मंगळसूत्राशी खेळायला लागलं. मग झोपलं. उपदेशाचा एक शब्द नाही. मी दाराआड उभा राहून कंटाळलो. तमाशा झालाच नाही.

"बाई, तुम्हाला विड्या बऱ्या वळता येतात," मी परतताना म्हणालो.

"पंधरा वर्षं वळल्यात," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

दुसरा प्रसंग एका मागवाल्याचा. तेलुगू घर, माणूस देवभोळा, पण त्याचा पोरगा अंगणवाडीत कुणाशीही बोलायचा तो वाघ अंगावर आल्यासारखा. बाई त्याच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, घरात जरा हळू बोलत जावा."

"मी कुठे ओरडतो?" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की समोरच्या गच्चीवरचा माणूस खाली डोकावला.

"आता वरडलाच की."

"हे ओरडणं नाही, हे बोलणं आहे," हे वाक्य दोन गल्ल्यांनी ऐकलं.

खरंच तो ओरडत नव्हता हो. दहा तास मागांच्या खडखडाटात राहून त्याचे कान गेले होते. घरी पाणी मागितलं तरी पोराला वाटायचं, बाप चिडला. बाईंनी त्याला एक युक्ती दिली. घरात पाय ठेवायच्या आधी उंबऱ्यावर बसायचं, पोराने येऊन त्याच्या कानात हळूच काहीतरी सांगायचं, आणि त्याने तेवढ्याच हळू उत्तर द्यायचं. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी त्या दारात हा सोहळा चालायचा आणि येणारे-जाणारे थांबून बघायचे. पोरगं कानात काय सांगायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं तर दोघंही हसायचे.

आणि बाईंचं तिसरं खूळ. एका मुलाने दुसऱ्याला मारलं, तर मार खाल्लेल्याला आधी मांडीवर घ्यायच्या, ते ठीक. पण मग मारणाऱ्याला मोरीपाशी नेऊन त्याचा हात कोमट पाण्याने धुवायच्या. सावकाश, एकेक बोट. मग पदराने पुसायच्या. मला हे अजिबात पटत नव्हतं.

"बाई, मारणाऱ्याला सुगंधी स्नान, हा कुठला न्याय?"

"हात लावून बघितलाय का कधी मामा, मारून झाल्यावर?"

"नाही."

"गार पडल्याला असतो. बर्फावानी."

सोमवारी आमचं दुकान बंद असतं. अशाच एका सोमवारी मी कात्र्यांना धार लावत बसलो होतो, तेव्हा बाई आल्या, पहिल्यांदाच आत आल्या, दाराचा रट्टा पाठीत खाल्ला आणि बाकावर बसल्या. मग नात्यातल्या कुणाबद्दल सांगावं तसं स्वतःबद्दल सांगितलं.

करकंबचं माहेर सोडून त्या लग्न होऊन इथे आल्या तेव्हा जेमतेम अठराच्या. नवरा मागावर, त्या विड्यांवर. पोरगा झाला. पोराने रडू नये, रांगू नये, सुपात हात घालू नये, एवढीच त्यांची पोराकडून अपेक्षा. नाही ऐकलं की मार. "रोज मारायची मामा. हात दुखला की उलथनं. शेजारी ऐकू नये म्हनून आदी दार लोटायची, मग मारायची. दाराचा आवाज आला की पोरगं कोपऱ्यात जाऊन बसायचं."

चार वर्षांचा असताना त्याने पाण्याचा तांब्या सुपात लवंडला. दिवसभराच्या विड्या भिजल्या. बाईंच्या हातात पान कापायचा लोखंडी पत्रा होता. तो त्यांनी भिरकावला. डोक्याच्या मागे लागला, उजव्या कानाच्या वर दोन बोटं.

"घरात हळद होती. पन हाताला तंबाखू लागली, तीच दाबली. आत राहिली ती. खूण काळी झाली. त्या दिसापास्नं पोरगं एकदम गप झालं. मला वाटलं, शहाणं झालं. चार जणींना सांगायची मी, माजं पोरगं बगा किती शहाणं हाय."

पुढे बाई अंगणवाडीत लागल्या आणि दुसऱ्यांची मुलं बघता बघता त्यांना कळलं की गप्प बसणारं मूल म्हणजे काय. तोवर त्यांचा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला होता आणि शाळेतल्या एका पोराचा दात पाडून आला होता.

"त्याला सांगितलंत कधी?" मी विचारलं.

"सांगितलं. लगीन झाल्यावर सांगितलं. मी मारलं ते चुकलं म्हनलं. तर म्हनतो कसा, मला काय आठवत न्हाय. आठवत न्हाय म्हनला मामा." त्या स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिल्या. "आन् बायकोला मारतो. त्याच्या पोटी पोरगी हाय आता. तिच्या डोक्यावर खूण नको. येवढंच मागनं हाय माजं, दुसरं काय न्हाय."

मुलगा दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. मागांची दुरुस्ती करणारा जॉबर. दारू पीत असता तर सगळ्यांनी दारूवर ढकलून दिलं असतं. तो पीत नव्हता. कामात हुशार, गिऱ्हाईक म्हणून सभ्य असावा, पण माझ्याकडे तो कधी आला नाही. केस स्टेशनजवळ कापायचा. माझ्या दुकानासमोरून जाताना रस्ता बदलायचा.

त्याची मुलगी तनू. साडेतीन वर्षांची झाल्यावर ती आजीच्या अंगणवाडीत यायला लागली. दात किडके, हसणं मोठं, आणि माझ्या मिशीची तिला जरासुद्धा भीती नाही. मिशी ओढून म्हणायची, "निघत कशी न्हाय?" माझ्या अभिनयाचा इतका घोर अपमान आजवर कुणी केलेला नाही.

थंडीचे दिवस होते. एका दुपारी बाई तनूला घेऊन आल्या. पायरीवर थांबल्या नाहीत. तिला फळीवर बसवलं आणि मला बाजूला घेतलं.

"आज हिनं एका पोरीला मारलं."

"मुलं मारतातच की बाई."

"तसं न्हाय. आदी गेली आन् दार लोटलं. मग मारलं."

मी वळून फळीकडे बघितलं.

"दार लोटायचं हिला कुनी शिकिवलं मामा? मीच की. मी त्याला शिकिवलं, त्यानं हिला." मग त्या मागे सरकल्या आणि बाकावर बसल्या. "बघा."

मी कंगवा घेतला. तनू आरशात मला वेडावून दाखवत होती. उजव्या बाजूचे केस वर केले. कानामागे नखाची अर्धवट चंद्रकोर होती, ताजी. आणि टाळूच्या जरा खाली रुपयाएवढी जागा, तिथले केस मुळासकट गेलेले.

"काय दिसलं?"

आता काय सांगू तुम्हाला. वीस वर्षं मी स्टेजवर खोटं बोललो आणि एकाही माणसाने ते खरं धरलं नाही. त्या दिवशी आरशात मला बाईंचा चेहरा दिसत होता. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर केलेले. मला ते बघवलं नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "डोकं कसं चकचकीत आहे. आजीवर गेलंय."

बाई हसल्या. तनूला उचलून घेतलं, माझ्या हातावर पदरातला एक तिळाचा लाडू ठेवला आणि गेल्या. मी तो लाडू खाल्ला. गोड लागला, हे सांगायला मला लाज वाटते.

त्या आठवड्यात बाई मुलाच्या घरी गेल्या नाहीत. एरवी गेल्या असत्या. सुनेला बाजूला घेऊन बोलल्या असत्या, काहीतरी केलं असतं. जायचं कारणच मी काढून घेतलं होतं. दहा-अकरा दिवसांनी मुलाने तनूचा हात पिरगाळला. कोपरापाशी मोडला. कारण काय तर तिने त्याच्या पाने-पक्कडींच्या पेटीत पाणी ओतलं होतं.

दवाखान्यातून बाई थेट माझ्याकडे आल्या. दुकानात गिऱ्हाईक होतं, अर्धी दाढी झालेलं. बाई पायरीवर उभ्या राहिल्या, दार पायाने अडवलेलं.

"तुमाला दिसलं हुतं."

"हो."

मी एवढंच म्हणालो. हातातला वस्तरा खाली ठेवला. वाटलं, आता बाई बोलतील. गिऱ्हाइकासमोर, गल्लीसमोर. बोलायलाच हवं होतं त्यांनी.

"नाटक लई वाईट करता मामा तुमी," त्या हळूच म्हणाल्या. "मला तवाच कळलं हुतं. तुमी खोटं बोलताय म्हनून. पन मला तेच ऐकायचं हुतं."

मग नाकाला पदर लावून शिंकल्या, आणि गेल्या. त्या शिंकल्या की रडल्या, ते मी नक्की सांगू शकत नाही. मी उरलेली अर्धी दाढी केली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी जे केलं ते आमच्या गल्लीत आजवर कुठल्या सासूने केलं नसेल. सुनेची पिशवी स्वतः भरली, प्लास्टर घातलेल्या तनूला कडेवर घेतलं आणि दोघींना मंगळवेढ्याच्या एसटीत बसवून दिलं, सुनेच्या माहेरी. सून म्हणाली, "आत्या, लोक काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "लोकांचं मी बघते. मी बोलवल्याशिवाय येऊ नगं. आन् तो बोलवायला आला तर अजाबात येऊ नगं."

मुलगा स्टँडवर धावत आला तेव्हा गाडी सुटली होती. हे मला स्वतः बाईंनी सांगितलं. चार माणसांत त्याने आईवर हात उगारला. बाईंनी तो हवेतच दोन्ही हातांत धरला.

"मारलं नाही ना?"

"न्हाय. धरून ठिवला मी. गार हुता मामा." त्या थांबल्या. "धुवायला पानी न्हवतं तितं."

त्यानंतर तो आईशी बोलला नाही. बाई दर दुसऱ्या रविवारी मंगळवेढ्याला जायच्या, सोमवारी सकाळी परत येऊन बंद दुकानाच्या बाकावर बसून मला वृत्तांत द्यायच्या. तनूचा हात बरा झाला. तनू ज्वारीच्या शेतात पाखरं हाकलते. तनू बाहुलीला धपाटे घालते. मग एकदा, फार महत्त्वाची बातमी असल्यासारखं, "मामा, आता बाहुलीला मारली की तिचं तीच जाऊन हात धुती. स्वतःचं. कुनी सांगितलं न्हाय."

दर गुरुवारी त्या मुलाच्या दाराशी डबा ठेवून यायच्या. डबा रिकामा परत यायचा, धुतलेला. यावरून आम्ही दोघं तासतास चर्चा करायचो. मी म्हणायचो, धुतोय म्हणजे राग उतरला. त्या म्हणायच्या, "न्हाय. धुतोय म्हंजे उष्टंबी ठिवायचं न्हाय माज्यासाटी."

माझ्या फळीवर पोरं आणणं त्यांनी बंद केलं नाही. मला वाटलं होतं, करतील. पहिल्यांदा पुन्हा एक पोर घेऊन आल्या तेव्हा मी कंगवा दोनदा धुतला. "नीट बघा," एवढंच म्हणाल्या. मी नीट बघितलं. जे दिसलं ते सांगितलं. त्यानंतर आजवर मी त्या फळीपाशी खोटं बोललेलो नाही. स्टेजवर बोलतो. तिथे चालतं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला बाईंना ताप आला. अंगावर काढला. अंगणवाडीला सुट्टी नको म्हणून दोन दिवस तशाच आल्या. तिसऱ्या दिवशी पलीकडून 'चांदोबा' ऐकू आला नाही, तेव्हा मी कात्री ठेवून धावलो. दवाखान्यात त्यांनी दोन दिवस काढले. मुलगा आला होता म्हणतात, बाहेर बाकावर बसून होता, आत गेला नाही. आत जावं असं त्याला कुणीतरी सांगेपर्यंत उशीर झाला.

बाई गेल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी मी शटर अर्धं वर केलं होतं. घाटावर मलाच बोलावलं होतं, तेव्हा पिशवी भरत होतो. दार उघडलं आणि त्याचा रट्टा कुणाच्यातरी पाठीत बसला. बाईंचा मुलगा. उडी मारायची असते हे त्याला माहीत नव्हतं.

"हितंच करा," तो म्हणाला. "घाटावर समदे बघतील."

मी त्याला खुर्चीवर बसवलं. पाणी लावलं. आईसाठी डोकं करायला आलेल्या माणसाशी मी बोलत नाही. तो रिवाज नाही आणि मला एरवी न साधणारी ती एकच गोष्ट आहे. पुढून मागे वस्तरा फिरत गेला. केस दाट होते, काळेभोर. डाव्या कानापासून सुरुवात केली होती, मुद्दाम. शेवटी उजव्या कानाच्या वर आलो. दोन बोटं.

होती. इतकी वर्षं ऐकलेली जागा मी पहिल्यांदा बघितली. काळसर, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी लांब. आत तंबाखूचा ठिपका निळसर दिसत होता.

माझा हात थांबला. त्याला ते कळलं.

"हाय का?" त्याने विचारलं.

"आहे."

"दाखवा."

स्वतःच्या डोक्याची मागची बाजू कुणाला दिसत नाही. मी हातातला आरसा त्याच्या मागे धरला. समोरच्या आरशात तो बघायला लागला. बराच वेळ शोधत होता. मी बोट ठेवून दाखवली.

"येवढीच?"

"एवढीच."

"आई म्हनायची, लई मोठी हाय."

"तिला मोठी दिसायची."

त्याने हात मागे नेला आणि चाचपडून बोटाने ती जागा शोधली. तसाच बसून राहिला. मी आरसा धरून होतो. माझा खांदा भरून आला तरी खाली घेतला नाही. मग तो म्हणाला, "मला समदं आठवतंय. आठवत न्हाय म्हनलो हुतो तिला." आणि उठला. त्याच्या मानेवरचे केस झटकायचे राहून गेले.

सून तनूला घेऊन दहाव्याला आली होती. संध्याकाळच्या गाडीने परत गेली. तो दाराशी उभा होता, थांब म्हणाला नाही. आता दर दुसऱ्या रविवारी मंगळवेढ्याच्या एसटीत तो बसतो. तिथे सासऱ्याच्या अंगणात, सगळ्यांच्या समोर, तासभर मुलीशी खेळतो आणि परत येतो. सुनेची अट तशी आहे. तिचं चुकतं असं मला वाटत नाही. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव मी आता आणत नाही.

पलीकडे नव्या बाई आल्या आहेत. चांगल्या आहेत, हसऱ्या आहेत. चांदोबा पुन्हा ऐकू येतो. माझ्या उद्योगाबद्दल त्यांना सांगायला मी दोनदा पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा जाईन.

गेल्या महिन्यात उन्हं तापायला लागली, तेव्हा सून तनूला केस कापायला घेऊन आली. एका लग्नाला म्हणून दोन दिवस आल्या होत्या, शेजारणीकडे उतरल्या होत्या. सोबत तो होता, दोन पावलं मागे. सून बाकावर बसली. बाईंची जागा सोडून, कडेला. मी फळी टाकली. तनूने आधी माझी मिशी ओढून बघितली, अजून निघत नाही याची खात्री करून घेतली, मग बसली.

मी कंगवा घेतला. उजवा कान. डावा कान. टाळू. जिथले केस गेले होते तिथे पुन्हा आले होते, पण मऊ, बाकीच्यांपेक्षा जरा भुरे. नखाची रेघ पांढरी पडली होती.

मी थांबलो. सवयीने थांबलो, पायरीकडे बघत. कुणी काही विचारलं नाही.

"जुनी आहे ती आहे," मी बाकावरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणालो. "नवी काही नाही."

सून मान खाली घालून बसली होती. तो आत आलाच नव्हता. पायरीवर पाठमोरा उभा होता. केस आता वाढलेत त्याचे, काही दिसत नाही, पण मला जागा माहीत आहे. स्प्रिंगचं दार त्याच्या अंगावर येत होतं आणि एक पाय मागे टाकून त्याने ते अडवून धरलं होतं. तनूची कटिंग होईपर्यंत त्याने ते लागू दिलं नाही.